एक जुलैची माणसं

फॉर्मवर सही करायला पुंडलिकरावांनी सरळ नकार दिला असता, तर नलूचं काम सोपं झालं असतं. दोन दिवस जेवायचं नाही, तिसऱ्या दिवशी आईनं मध्ये पडायचं, असा घरातला ठरलेला मार्ग होता. पण पुंडलिकराव नकार देतच नव्हते. ते "पाहू" म्हणत होते, आणि त्यांचं पाहणं म्हणजे काय असतं हे साऱ्या घराला ठाऊक होतं.

घरात रेडिओ येण्याआधी ते दोन वर्षं दुसऱ्याच्या ओसरीवर बसून रेडिओ ऐकत होते. बातम्या खऱ्या देतो की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राशी ताडून बघत. टेपरेकॉर्डर घ्यायला हिंगणघाटला गेले तेव्हा दुकानदारानं त्यांचाच आवाज टेप करून त्यांना ऐकवला. पुंडलिकराव म्हणाले, "हा आवाज माया नाई. हा कोनी बिमार मानूस हाये." टेपरेकॉर्डर आला, पण सव्वा वर्षानं. टीव्हीसाठी तर त्यांनी मोठ्या जावयाच्या घरी तीन उन्हाळे मुक्काम केला, तेव्हा कुठे घराच्या कवेलूंच्या छपरावर अँटेना उभा राहिला. तोवर जावईबापूंनी दुसरं घर भाड्यानं बघायला घेतलं होतं.

आता नलू बीएस्सी झाली होती. नागपूरला कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स निघाला होता, तिचं नाव यादीत लागलं होतं, आणि वडिलांच्या सहीचा फॉर्म नेऊन द्यायची शेवटची तारीख होती सोमवार. आता शुक्रवार उजाडला होता. पुंडलिकरावांच्या चालीनं पाहायचं म्हटलं, तर कोर्सच्या पोरी शिकून, नोकरीला लागून, त्यांची लग्नं होईपर्यंत नलू गिरडच्या रस्त्यावरच्या या गावात फॉर्म हातात धरून उभी राहिली असती.

"ते यंत्र करते तरी काय?" दुकानातल्या तागडीवरची धूळ फुंकत पुंडलिकरावांनी विचारलं.

"आपन सांगू ते करते, बाबा."

"सांगतलं ते तर माया नोकरबी करत नाई. आनि खरं सांगते काय ते?"

"खरंच सांगते. त्याले खोटं बोलताच येत नाई."

पुंडलिकराव थबकले. चाळीस वर्षं किराणा विकणाऱ्या माणसाला खोटं न बोलता येणाऱ्या वस्तूचं अप्रूप वाटणारच. "मंग दाखव," ते म्हणाले. "मायासमोर एक गोष्ट खरी करून दाखव. सही करतो. नाई तर नागपूरचं नाव काढाचं नाई."

नलूनं शनिवारी सकाळचीच एसटी पकडली. हिंगणघाटच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या सरांच्या भावानं दुबईहून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता, आणि सुट्टीत सरांच्या घरी बसून नलू त्यावरच शिकली होती. सरांनी तो तिला दोन दिवसांसाठी दिला, आणि देताना दहा वेळा सांगितलं की मांडीवरून खाली ठेवू नको. नलूनं तो मांडीवरच आणला. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "किती महिन्याचं हाये वं?"

यंत्र म्हणजे शाळेच्या पाटीएवढी काळी पेटी, वर रबराची बटणं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून ते टीव्हीला जोडायचं. त्याला आठवणही फारशी नव्हती, वीज गेली की सगळं विसरायचं, म्हणून त्याला सांगायचं ते कॅसेटवर भरून ठेवायचं आणि दर वेळी टेपरेकॉर्डरवरून त्याला ऐकवायचं. नलूनं आपल्या कॅसेटवर एक प्रोग्रॅम भरून आणला होता. कोणतीही तारीख टाका, त्या दिवशी कोणता वार होता ते यंत्र सांगायचं.

रविवारी जेवणं आटोपल्यावर ती ओसरीवर टीव्ही मांडून वायरी जोडत बसली. तिची आई, कौशल्याबाई, तांदूळ निवडता निवडता बघत होती.

"रेडिओ आपन ऐकतो," नलूनं तिला समजावून सांगितलं. "टीव्ही आपन पाह्यतो. ते दोघंबी आपलंच चालवतात, आपल्याले काई इचारत नाई. हे यंत्र आपल्याले इचारते, मंग उत्तर देते."

"इचारनारं एक हायेच घरात," कौशल्याबाई म्हणाली. "उत्तर देनारं असंन तर बरं होईन."

नलूला एवढीच माणसं पुरेशी होती. आई, बाबा आणि यंत्र. पण शेजारच्या शकुबाईनं कुंपणावरून डोकावून टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि मधल्या वायरींचं जाळं बघितलं. दिवाळीत कोणीतरी हिंगणघाटहून व्हिडिओ भाड्यानं आणला होता तेव्हा असंच जाळं होतं. पेरण्या आटोपल्या होत्या, माणसं रिकामी होती. शकुबाईला फक्त विहिरीपर्यंत जावं लागलं.

दोन वाजता पहिलं पोतं अंगणात अंथरलं गेलं. अडीचला जागा उरली नाही. कोणी शेंगा आणल्या, कोणी लेकरं आणली. पुढच्या खुर्चीवर अण्णाजी गुरुजींना बसवण्यात आलं. गुरुजी गावच्या शाळेत बेचाळीस साली रुजू झाले आणि तिथूनच सेवानिवृत्त झाले. गावात ज्याला म्हणून सही करता येत होती, तो त्यांच्या हाताखालून गेलेला होता.

"सिनेमा कोन्ता हाये?" मागून कोणीतरी विचारलं.

"सिनेमा नाई," नलू म्हणाली. "कॉम्प्युटर हाये."

"रंगीत हाये काय?"

पुंडलिकराव बाहेर आले आणि गर्दी बघून त्यांची छाती फुगली. पाहायचंच आहे तर साऱ्या गावासमोर पाहू, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता. बाबांसमोर चूक झाली असती तर पुन्हा करून दाखवता आली असती. गावासमोर झालेली चूक मात्र माणसाच्या तेराव्यापर्यंत पुरते.

तिनं टेप सुरू केला. टेपरेकॉर्डरमधून कोंबड्याची मान पिळावी तसा लांबलचक किंचाळण्याचा आवाज निघाला, पडद्यावर रंगीत पट्टे नाचू लागले, आणि पुढच्या रांगेतली दोन लेकरं भोकाड पसरून मागे पळाली.

"कॅसेट गुतली वाट्टे," कोणीतरी म्हणालं.

"नाई. यंत्राले समजून राह्यलं."

"समजल्यावर असं बोंबलते?" पुंडलिकरावांनी विचारलं.

पाच मिनिटांनी आवाज थांबला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली आणि नलूनं ती वाचून दाखवली, "तारीख टाका." सिनेमा नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, पण शेंगा संपल्या नव्हत्या, म्हणून कोणी उठलं नाही.

"माया नातवाचं पाह्य," शकुबाई पुढे सरसावली. "सेवाग्रामच्या दवाखान्यातला हाये. तेरा मार्च, मागच्या साली."

नलूनं आकडे दाबले. पडद्यावर उत्तर आलं. "गुरुवार!"

शकुबाईनं दोन्ही हात गालांवर नेले. "बापा! गुरुवारच होता वं! माया उपास होता त्या दिवशी!"

अंगणात टाळ्या पडल्या. पुंडलिकरावांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि नलूकडे बघून मान हलवली. फॉर्म नलूच्या ओढणीला बांधलेलाच होता. ती गाठ सोडू लागली. तेवढ्यात बुधाजी उठून उभे राहिले, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

"माया टाक," बुधाजी म्हणाले. "एक जुलै, एकोनीसशे अडतीस. शाळेच्या दाखल्यावर लिवलेलं हाये."

नलूनं तारीख टाकली आणि पडद्याकडे दोनदा बघितलं. "शुक्रवार," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"शुक्रवार, काका."

"मी बुधवारचा हावो! म्हनून तं मायं नाव बुधाजी!"

इथे सांगायला हवं की या भागातल्या जुन्या लोकांनी बारसं करताना फार डोकं शिणवलं नव्हतं. बुधवारी झाला तो बुधाजी, मंगळवारी झाला तो मंगरू, रविवारी झाला तो इतवारी. वार चुकणं म्हणजे माणसाचं नावच चुकणं होतं.

"मायं पाह्य," पत्त्याच्या डावातले बुधाजींचे जुने भिडू मंगरूजी हसत हसत पुढे आले. "याच्या मायले याद नसंन. मी एक जुलै बेचाळीसचा."

पडद्यावर उत्तर आलं, आणि नलूला ते वाचावं की वायर उपटून टाकावी, हे कळेना. "बुधवार," ती म्हणाली.

"माया बुधवार याले देल्ला!" बुधाजी ओरडले. मंगरूजींचं हसू मावळलं. इतवारीनं, जो एक जुलै सेहेचाळीसचा होता, आपला वार विचारला आणि त्याला सोमवार मिळाला. ज्याला त्याला आपल्या नावाचा वार दुसऱ्याच्या घरी गेलेला दिसू लागला, आणि अंगणात बाजारासारखा गलका झाला.

पुंडलिकरावांनी पेनाला टोपण लावलं. टोपण लागल्याचा 'टक' असा आवाज एवढ्या गोंगाटातही नलूला ऐकू आला. "खोटं बोलताच येत नाई म्हने," ते म्हणाले. "तिघाले तीन खोटे वार सांगतले. बंद कर ते."

नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मनातल्या मनात हिशेब केला, लीप वर्षं मोजली, पुन्हा मोजली. चूक सापडत नव्हती. शकुबाईचा नातू बरोबर आणि सगळे म्हातारे चूक, असं कसं होईल? नातू दवाखान्यात झालेला, तारीख तिथंच लिहिलेली. बुधाजी एक जुलैचे. मंगरूजी एक जुलैचे. इतवारी...

"एक मिनिट, बाबा," ती म्हणाली आणि ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. "इथं एक जुलैले जलमलेले किती झन हायेत? हात वर करा."

आधी बुधाजींचा हात वर गेला. मग मंगरूजींचा. मग माणसं एकमेकांकडे बघत बघत हात वर करू लागली, आणि बघता बघता अंगणात हातांचं रान माजलं. पंचवीस-तीस हात होते. खुद्द पुंडलिकरावांचाही हात, नकळत, पेनासकट वर गेला होता.

"साऱ्याच्या माया एकाच दिवशी बाळंत झाल्या काय?" नलूनं विचारलं.

मग हळूहळू एकेक मान वळली, आणि सगळं गाव पुढच्या खुर्चीकडे बघू लागलं. अण्णाजी गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. तरी सगळे बघतच होते.

"आता कसं हाये," गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "शाळा एक जुलैले भरे. पोराले घेऊन माय ये. मी इचारू, कवा झाला? ते म्हने, ज्वारी निसवली तवा झाला. रजिस्टरात ज्वारी लिवाले रकाना नव्हता. मंग मी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाले लावून पाहो. कान लागला का सहा वर्साचा. त्या दिवसातून सहा वर्सं मांगं गेलो, का आली तारीख."

"म्हंजे माया बुधवार तुमी खाल्ला, गुरुजी?"

"तुया वाराले मी काई नाई केलं, बुध्या. तारीख लिवली मी. वार तुया मायनं ठेवला तोच खरा."

हशा पिकला. नलूनं मोठा श्वास घेतला. "बाबा, म्हंजे यंत्र खरंच बोलत होतं," ती म्हणाली. "तारीखच खोटी होती."

पुंडलिकरावांना मान्य करावं लागलं. पण मान्य करणं आणि सही करणं यांच्यात त्यांच्या स्वभावाचं एक शेत पडलेलं असायचं. "तसं असंन," ते म्हणाले. "पाहू."

आता आणखी काय दाखवायचं, हे नलूला कळेना. एवढ्यात बुधाजींना नवाच मुद्दा सुचला. "पन गुरुजी, थांबा! मी अडतीसचा, तं पुंडलिक दाखल्यावर छत्तीसचा कसा? आमी दोघं एका पावसाळ्यातले! एकाच दाईच्या हातचे! माया माय आनि याची माय संगंच बाळंत झाल्या, अख्ख्या गावाले मालूम हाये!"

"हे छत्तीसचंबी मायंच काम," गुरुजींनी आता एकदाचं सगळंच सांगून टाकायचं ठरवलेलं दिसत होतं. "याच्या बापाले दुकानात लिवनारा पाह्यजे होता. पोरगं चार वर्साचं, पन हात लंबे. कान लागला. मी काय करू? घेतलं."

लोक पुन्हा हसले. दोन वर्षांनी लहान झाल्याबद्दल कोणी पुंडलिकरावांचं अभिनंदनही केलं. पुंडलिकरावही हसले. आणि तेव्हा, दुपारभर दाराच्या चौकटीला टेकून गप्प उभी असलेली कौशल्याबाई पदर सावरून पुढे आली.

"नलू," ती म्हणाली, "आता मायं टाक."

"तुयं? तूबी एक जुलैचीच असशीन."

"नाई वं. माये बाबा नाचनगावले पोस्टमास्तर होते. लेकरू झालं का पैले डायरीत लिवत, मंग मायच्या तब्येतीचं इचारत. मायी तारीख पक्की हाये. चौदा डिसेंबर, मंगळवार."

नलूनं चौदा दाबले. बारा दाबले. "साल?"

कौशल्याबाईनं आधी नवऱ्याकडे बघितलं, अगदी सहज, चहा टाकू का म्हणून विचारावं तसं. "साल ना? सालबी पाठ हाये मले. एकोनीसशे..."

पुंडलिकरावांचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. बुधाजी अडतीसचे, आपण बुधाजींबरोबरचे, म्हणजे आपणही अडतीसचे. आणि कौशल्याचं साल... समोर सारं गाव बसलेलं. बुधाजी उभे, मंगरूजी उभे, शकुबाई तर पहिल्याच रांगेत. चाळीस वर्षं तागडी धरणाऱ्या माणसाला एवढी वजाबाकी करायला यंत्र लागत नाही.

"नलू!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बुधाजी खाली बसले. "फॉर्म कुठं हाये?"

"अं?"

"फॉर्म! नागपूरचा! आन इकडं लवकर! पोरीचं शिक्षन महत्त्वाचं का हे वार-तारखा महत्त्वाच्या?"

"पन बाबा, आईचं साल—"

"आईचं साल राहू दे! कुठं कराची सही? इथं? आनि इथं?" त्यांनी एक सही केली, खालच्या रिकाम्या जागी दुसरी केली, आणि जिथे नलूची सही हवी होती तिथे तिसरीही करून टाकली. मग स्वतःच्या हातानं टीव्हीची पिन उपसली. "चला, झालं! फ्यूज गरम होऊन राह्यला. या आता सारे. गुरुजी, च्या घेऊन जाजो."

माणसं पोती झटकत उठली. सिनेमा नव्हता तरी दुपार वाया गेली असं कोणाला वाटलं नाही. बुधाजी आणि मंगरूजी आपापला वार परत मिळाल्याच्या आनंदात पत्ते कुटायला निघून गेले. गुरुजी मात्र चहा न घेताच गेले.

नलू स्वयंपाकघरात आली तेव्हा आई चुलीपुढे बसून आधण ठेवत होती. नलूनं तिच्या गळ्यात हातच टाकले. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि आधी काय करावं हे ठरत नव्हतं.

"आई, तुयं साल कोन्तं वं?"

"सदतीस."

नलूला हिशेबाला क्षणभर लागला. मग ती मागे सरून आईकडे बघतच राहिली. "म्हंजे तू बाबाहून मोठी हायेस?"

"आठ महिने. हळू बोल."

"तुले कवापासून मालूम हाये?"

"लग्नाच्या चौथ्या दिवशी सासूबाईनं सांगतलं, तुया नवरा अडतीसच्या पावसाळ्यातला. तेबी बुधाजीच्या मायचं नाव घेऊनच."

"तीस वर्सं झाले! एवढी भांडनं झाली तुमची, एकदाबी नाई बोललीस?"

"अशी गोष्ट भाजीतल्या मिठाच्या भांडनात खर्च कराची असते काय?" कौशल्याबाईनं आधणात पत्ती टाकली. चहा वर आला, तिनं फडक्यानं पातेलं धरून खाली उतरवलं. मग काहीतरी आठवल्यासारखी वळली.

"त्या तुया यंत्रात म्हने सारं भरून ठेवता येते?"

"येते."

"आनि कवा बाहेर काढाचं, हे कोन सांगते?"

"ते आपनच सांगाचं असते, आई. त्याले ते समजत नाई."

"मंग जाय शिकून ये," आई म्हणाली, आणि बाबांचा कप नलूच्या हातात दिला.